आली, आली, गेली!

आई ब्याऐंशीची आहे. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो तरी "काय म्हणाला तो?" असं विचारते. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजणं तिनं केव्हाच सोडलंय. पण कचऱ्याचा टेम्पो सुरसागरकडून दांडिया बाजारात वळला, की देवघरातून हाक येते, "अरे, आली!" टेम्पोवरचं गाणं आम्हा बाकीच्यांना त्यानंतर मिनिटभरानं ऐकू येतं.

मिनिटभर म्हणजे पुष्कळ झालं. तेवढ्यात लेंगा सारखा करायचा, चष्मा शोधायचा, एका हातात हिरवा डबा आणि दुसऱ्या हातात निळा घ्यायचा, आणि पायानं दार ढकलून बाहेर पडायचं. टेम्पो आमच्या खांचात शिरत नाही. खांचा म्हणजे बोळ. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर 'बोळ' हा शब्द आमच्या तोंडी फक्त पुण्याचे पाहुणे आले की येतो. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागतं, आणि कुणी सरकायचं हे ठरेपर्यंत तिसरी येते, इतका तो अरुंद. त्यामुळे टेम्पो तोंडाशीच थांबतो. किती वेळ, ते मी एकदा मोजलं: बेचाळीस सेकंद. आमचं घर तोंडापासून सातवं, वयानं मी चोपन्न, आणि पहिल्या घरासमोर गाय.

कचरा उचलणाऱ्या कंपनीनं वाटलेल्या पत्रकात टेम्पोची वेळ 'सकाळी 7 ते दुपारी 2' अशी छापलीय. हिला वेळ म्हणायची तर आमच्या नळाला धरण म्हणावं लागेल. पण पत्रक गुळगुळीत कागदावर होतं, वर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आणि गंमत म्हणजे तो कागद सुक्यात टाकायचा की प्लॅस्टिकचा मुलामा आहे म्हणून आणखी कुठं, यावर आमच्याकडे पहिलं भांडण झालं.

पूर्वी कोपऱ्यावर म्युनिसिपालिटीची एक मोठी लोखंडी पेटी होती. ती वास मारायची, तिच्यात कुत्री असायची, गायी असायच्या, एकदा तर एक टाकलेली गादी पेटली होती. पण ती चोवीस तास तिथंच असायची. रात्री अकरा वाजता पिशवी नेऊन टाका, कुणी विचारत नसे. मग 'दारोदार कचरा' सुरू झालं, पेटी उचलली, आणि त्या जागी लाल अक्षरांत पाटी आली, 'येथे कचरा टाकू नये.' पाटीखाली लोक कचरा टाकतात. पेटी नक्की कुठं होती हे नव्यांना त्या पाटीमुळेच कळतं.

दारोदार कचऱ्याचं काम खासगी कंपनीकडे आहे. बडोद्यात कंत्राटदाराला 'इजारदार' म्हणतात आणि कंत्राटाला 'इजारो'. जुन्या गायकवाडीत गावचा सारा वसूल करायचा इजारा देत. आता गावचा केर वसूल करायचा देतात. फरक एवढाच की साऱ्याचा इजारदार दारात आल्याशिवाय राहत नसे.

घरवेरा, म्हणजे घरपट्टी, आम्ही वेळेवर भरतो, पहिल्या महिन्यात भरला की सूट मिळते म्हणून. म्हणजे पैसे आगाऊ, सेवा कृपेनं. दूधवाला दोन दिवस आला नाही तर दोन दिवसांचे कापता येतात, टेम्पोवाल्याचे कसे कापणार? दुसरा टेम्पो लावायची सोय नाही. आमचा खांचा ज्याच्या वाट्याला आलाय, त्याच्याच गळ्यात आम्ही आणि तो आमच्या.

ओलं-सुकं वेगळं करण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. 2016 च्या नियमांनीच ते सगळ्या देशाला सांगितलं होतं: ओला, सुका आणि घरातला घातक, असे तीन भाग घरातच व्हायला हवेत. तक्रार स्वयंपाकघरातल्या खंडपीठाची आहे. नारळाची करवंटी ओली की सुकी? आई म्हणते, नारळ ओला तर करवंटी ओली. बायको, संध्या, म्हणते, ती महिनाभर कुजत नाही, म्हणून सुकी. चहाचा चोथा ओला. पण पिशवीतल्या चहाचा दोरा, त्या दोऱ्याच्या टोकाचा कागद आणि त्या कागदाला लावलेली बारीकशी पिन? गेल्या दिवाळीत पुतण्या आला होता, त्याचा चहा झाल्यावर मी कात्री घेऊन बसलो. तो तेव्हापासून कॉफी पितो.

एवढं करून मी धावत टेम्पोपाशी पोचतो. टेम्पोला दोन कप्पे आहेत, एक हिरवा, एक निळा, मध्ये पत्रा. पोरगा माझा हिरवा डबा घेतो, हिरव्यात उपडा करतो. निळा घेतो, तोही हिरव्यात उपडा करतो.

"अरे भाई, ते सुकं होतं!"

"काका, निळं भराई गयुं."

मी वाकून पाहिलं. निळ्या कप्प्यात एक मोडकी खुर्ची, दोन जुन्या चपला आणि त्या पोराचा जेवणाचा डबा. मला खरं तर ओरडायचं होतं. पण त्याच्या हातात मोजे नव्हते, आणि माझा डबा उपडा करताना तळाला चिकटलेलं वरण त्यानं बोटांनी निपटून काढलं होतं. डबा त्यानं परत दिला तो बऱ्यापैकी स्वच्छ. मी "थँक्यू" म्हणालो आणि घरी येऊन संध्यावर ओरडलो.

सुक्याचा हा दुस्वास का, ते मला बँकेतल्या एका सहकाऱ्यानं समजावलं. बऱ्याच गावांत कंपनीला पैसे टनावर मिळतात. गाडी काट्यावर चढते, वजन होतं, बिल बनतं. मग तुमचा थर्मोकोल, तुमचे खोके, तुमच्या वेफरच्या पिशव्या कोण प्रेमानं उचलील? जागा खातात आणि काट्यावर शून्य. खरी किंमत कलिंगडाच्या सालीची! आमच्या इजाऱ्याचा हिशेब नेमका कसा आहे ते मी पाहिलेलं नाही. पण एवढं पाहिलंय की मे महिन्यात कलिंगडाच्या साली आणि आंब्याच्या कोयी घेऊन गेलो तर टेम्पो साठ साठ सेकंद थांबतो, आणि गणपतीची मखर घेऊन गेलो की त्याला उशीर झालेला असतो.

या सगळ्यावर मीठ चोळायला ताई आहे. ताई दिली इंदूरला, राजेंद्रनगरात. लग्न झालं तेव्हा इंदूरबद्दल तिची एकच तक्रार होती, तिथले लोक सकाळी सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी खातात. 2017 पासून मात्र तिचा सूर बदलला. त्या साली इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं आलं आणि मग येतच राहिलं. आता "सलग आठ वेळा" हे शब्द ताई अशा थाटात उच्चारते, की सात वेळा तिनं स्वतः झाडू मारलाय.

"अरे, आमच्याकडे सहा प्रकार करतात," फोनवर ती. "ओला, सुका, प्लॅस्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, आणि घरातला घातक. सहा! तुम्ही दोनावरच अडलात?"

"आम्ही सहा करू, पण पोरगा एकच करतो."

"रंगपंचमीच्या गेरला, त्या मिरवणुकीला, राजवाड्यापाशी लाखो लोक असतात. गेर संपते आणि थोड्या वेळात रस्ता धुतलेला. सराफ्यात रात्रभर खाणं चालतं, सकाळी दागिन्यांची दुकानं उघडतात तेव्हा जमिनीवर द्रोणाचा तुकडा सापडणार नाही."

"बरं."

"आणि आमच्या ओल्या कचऱ्याचा गॅस होतो. देवगुराडियाला प्लांट आहे, 2022 ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, दिवसाला साडेपाचशे टन. त्या गॅसवर सिटी बस चालतात, बस! काल मी जिच्यात बसले ती कदाचित माझ्याच दुधी भोपळ्याच्या सालींवर चालत असेल."

याला काय उत्तर देणार? मी म्हणालो, "ताई, आमच्याकडे सुद्धा टेम्पो आमच्याच जिवावर चालतो." तिला विनोद कळला नाही. इंदूरच्या लोकांना हल्ली कचऱ्यावरचे विनोद कळत नाहीत, ते त्या विषयात फार गंभीर झालेत.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तर तिनं रोज फोन केला. पाणी ओसरल्यावर अर्ध्या शहराच्या दारांपुढं भिजलेले सोफे, गाद्या, फुगलेली कपाटं यांचे ढीग. शहरातल्या अकोटा भागात तर एक मगर घराच्या छपरावर जाऊन बसली होती, फोटो देशभर फिरला. ताईनं काळजीनं विचारलं, "तुमच्याकडे मगर आली का रे?" मी म्हणालो, "नाही, पण आम्ही मगरीचीच वाट बघतोय. गाडीपेक्षा तिचा भरवसा जास्त."

तक्रार केली का, असं तुम्ही विचाराल. केली. ॲपवर केली. 'गेले चार दिवस गाडी आली नाही,' खाली पत्ता, वर फोटो. दुसऱ्या दिवशी संदेश, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे,' सोबत स्वच्छ खांचाचा फोटो. फोटोत कडुनिंबाचं झाड होतं. आमच्या खांचात झाड नाही, झाडाला जागाच नाही. इथं तुळससुद्धा खिडकीत उभी असते. मी पुन्हा तक्रार केली की हा खांचा आमचा नाही. ती तक्रारही निवारली, त्याच फोटोनं. संध्या म्हणाली, "त्या निंबाच्या खांचातल्या लोकांना कळवा, त्यांच्याकडे आपल्यामुळे दोनदा सफाई झाली."

मग रजा टाकून मी खंडेराव मार्केटला गेलो. ही इमारत सयाजीरावांनी 1906 मध्ये आपल्या दत्तक वडिलांच्या नावानं बाजारासाठी बांधली. आता तिच्यात महापालिकेचा कारभार चालतो. इतकी देखणी इमारत, की आत शिरताना माणूस आपली तक्रार विसरतो, आणि हे सोयीचंही पडत असावं. तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावरचे साहेब फार सज्जन. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, खरुं कहुं? अमारे त्यां पण नथी आवती."

आता मुख्य दुखणं सांगतो. आम्ही सीकेपी. शनिवारी पापलेट किंवा निदान कोलंबी झाल्याशिवाय आईला शनिवार झाल्यासारखा वाटत नाही. खांचातली बाकी बहुतेक घरं शुद्ध शाकाहारी, समोर कोकिलाबेन, त्यांच्या घरात कांदाही नाही. चार पिढ्यांच्या शेजारात त्यांनी आम्हाला कधी एक शब्द ऐकवलेला नाही, त्या फक्त शनिवारी अकराच्या सुमारास खिडकी लावून घेतात. एवढा समजूतदारपणा दाखवणाऱ्या बाईच्या दारासमोर रविवारी, टेम्पो न येण्याच्या दिवशी, माशाच्या काट्यांचा डबा ठेवायचा? चाळीस डिग्रीत?

म्हणून काटे, डोकी, कोलंबीची सालं, सगळं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरून आम्ही फ्रीझरमध्ये ठेवतो. झाकणावर संध्यानं पट्टी लावलीय, 'खाऊ नये.' टेम्पो आला की डबा काढायचा, गोळा टाकायचा, डबा धुऊन परत. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

या उत्तरायणाला घोटाळा झाला. चौदाला उत्तरायण, पंधराला वासी उत्तरायण. या दोन दिवसांत बडोद्यात माणूस जमिनीवर भेटत नाही, सगळे गच्चीवर. टेम्पो दोन्ही दिवस नाही, सोळालाही नाही. उंधियूच्या पापडीची दोरं, उसाची चिपाडं, चिक्कीचे कागद, गच्चीवरून गोळा केलेला मांज्याचा गुंता. दोन्ही डबे भरले, मग बादली भरली, मग आईनं जुनं पाण्याचं पिंप रिकामं करून दिलं. पतंग बघायला कोकिलाबेनचा सहा वर्षांचा नातू जिगर आमच्या गच्चीवर होता. तो पाणी प्यायला खाली गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात आइस्क्रीमचा डबा. 'खाऊ नये' मराठीत लिहिलेलं, आणि तो इंग्रजी शाळेत.

"अंकल, आ कयुं फ्लेवर छे?"

कोकिलाबेन शेजारीच उभ्या होत्या. डब्यातून एक पापलेट त्यांच्याकडे बघत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी जिगरच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं, माझ्या हातात दिला, आणि पदरानं हात पुसत म्हणाल्या, "भाई, गाडी नथी आवती ने?" त्यांनी इतक्या मायेनं विचारलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सतरा तारखेला साडेसातला देवघरातून हाक आली, "अरे, आली!" मी आधी डबाच उचलला. हिरवा, निळा, बादली, पिंप राहू दे मागं, संध्या आणेल. गायीला वळसा घालून पंधरा सेकंदांत पोचलो. पोरगा तोच, या वेळी हातात मोजे होते, एकाच हातात. मी झाकण काढून डबा पुढं केला. त्यानं तो उलटा केला, हलवला, काही पडेना. टेम्पोच्या पत्र्यावर आपटला, तेव्हा आत टाकायच्या ऐवजी पुढ्यात पांढरा, चौकोनी, दगडासारखा ठोकळा आला. कडेनं एक शेपूट बाहेर.

त्यानं तो हातात तोलून पाहिला. बोटानं ठोकला. टक टक.

"काका," तो पहिल्यांदाच विचारात पडला होता, "आ भीनुं के सूकुं?"

मागं कोकिलाबेन आपला डबा घेऊन उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "सूकुं, सूकुं. नाख ने जल्दी."

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरची एक वस्तू निळ्या कप्प्यात पडली.