हिरव्या नंबरप्लेटवाल्यांनो, जरा लाज बाळगा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार करताय? घ्या की, अभिनंदन. फक्त त्याआधी या गरिबाचे पाच सल्ले ऐकून घ्या, कारण शोरूमवाला हे सांगत नसतोय आणि मी मागच्या रविवारीच स्वतः बोलणी खाऊन आलोय.

पहिलं म्हणजे मान खाली घालून गाडी चालवायची सवय करा. इलेक्ट्रिक गाडीची हिरवी पाटी लागली, रोड टॅक्स माफ झाला, की लोकांच्या लेखी तुम्ही फुकटे. हे एकदा मनाशी मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरं, टोलनाक्यावर तोंड उघडू नका. मी उघडलं. अंबाजोगाईवरून संभाजीनगरला लग्नाला चाललो होतो, पुढच्या सीटवर सासूबाई, मागं बायको आन् लेकरं. वाटेत एका नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कटले. काच खाली करून तिथल्या पोराला म्हणलं, बाबा, इलेक्ट्रिकला टोल माफ हाय ना? पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, ते समृद्धीवर. इथं न्हाई." बरोबरच होतं त्याचं, नियम त्याला पाठ होता, मलाच नव्हता. २०२५ चं राज्याचं धोरण काढून बघा, पूर्ण टोलमाफी तीन रस्त्यांवर: मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धी. आता नकाशा घ्या पुढ्यात. अटल सेतूवरून आमच्याकडचा माणूस दळण आणायला जातो का? समृद्धी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या दोनच जिल्ह्यांतून जाते, संभाजीनगर आन् जालना. मग बीड, लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड, हिंगोलीवाल्यांनी सवलत घ्यायची कशी? म्हणजे मी आधी दीडेकशे किलोमीटर जालन्याला जायचं, समृद्धीवर चढायचं, फुकटात दोन चकरा मारायच्या, पोट भरलं की गावाकडं परत यायचं, असं हाय का? सरकारनं दिलेलं हाय ना, मग वाया कशाला घालवायचं!

एवढा हिशोब डोक्यात चालला होता तवर मागच्या डिझेल गाडीवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि मुंडकं बाहेर काढून, "ओ हिरवी पाटी! रोड टॅक्स भरत न्हाईत, आता टोल बी बुडवायलेत का? रस्ता आमच्या पैशाचा हाय!" सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी लग्नातून बुंदीचं पातेलं उचलून चाललोय.

तिसरं, लांब निघताना गाडीत डबा, सतरंजी आणि पत्त्यांचा कॅट ठेवा. जे चार्जिंग स्टेशनवर ताटकळलेत त्यांना कळलं.

चौथं, गाडी घ्यायचीच तर ३० लाखांच्या वरची घ्या. मार्च २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के टॅक्स सुचवला होता. बजेट १० तारखेला आलं आणि २६ तारखेला मुख्यमंत्र्यांनी तो टॅक्स घेणार नाही म्हणून सांगून टाकलं. सोळा दिवस! आमच्याकडं सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त व्हायला याच्यापेक्षा जास्त लागतात. टोलमाफीला मात्र एप्रिलात मंत्रिमंडळाची मंजुरी आणि अटल सेतूवर पहिली गाडी फुकट गेली २२ ऑगस्टला. तेव्हा दुखणं असावं तर मोठ्या माणसाचं असावं, औषध लवकर लागतंय.

पाचवं, कोणी विचारलं की किती वाचले, तर खरं सांगा. पेट्रोलची बारा लाखांची गाडी घेतली असती तर १२ टक्क्यांनी दीड लाखाच्या आसपास टॅक्स बसला असता, डिझेलला १४ टक्के. माझे वाचले, नाही कशाला म्हणू. पण त्याच्यापुढचं ऐकायला कोणी थांबत नाही. बाहेर चार्ज केलं तर १८ टक्के जीएसटी, घरी केलं तर लाईट बिलात १६ टक्के वीज शुल्क, वर स्थिर आकार, वहन आकार आणि दर महिन्याला नवा निघणारा कुठला तरी आकार. फुकट्याची पावती एवढी लांब कधी बघितलीय का?

आणि रस्ता म्हणे आमच्या पैशाचा. बरं, मग रस्ता खातंय कोण? एका एक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट नाही, सोळा पटीच्या आसपास होते, कुठल्याही रस्त्याच्या इंजिनिअरला विचारा. माझी गाडी सगळी माणसं बसून दोन टनाच्या आतबाहेर. गाळपाच्या हंगामात केज-अंबाजोगाईकडं उसाच्या डबल ट्रॉल्या जाताना बघा आणि मग सांगा खड्डा कोणी पाडला. शेतकऱ्याला बोलायलो नाही, माझ्या भावाचाच ऊस जातोय त्याच्यात. त्याला तरी तोच खड्डा पडलेला रस्ता मिळतोय ना.

बास झाली मस्करी. अरे डिझेलवाल्या भावा, तू गाडी घेताना १४ टक्के भरलेस, प्रत्येक लिटरला व्हॅट आणि सेस भरायलास, वर टोल भरायलास आणि एवढं करून तुझी गाडी त्याच खड्ड्यात आपटायलीय ज्यात माझी आपटायलीय. २०२१ साली परभणीत राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून बातम्या आल्या, तेव्हा कोणावर हॉर्न वाजवला होतास? तुझ्या खिशातून मी नेलं नाही. ज्यानं नेलं त्याच्या गाडीचा सायरन ऐकला की तू रस्ता सोडून कडेला उभा राहतोस, हॉर्न कसला वाजवतोस!

आणि सरकार, तुम्हाला पण. टॅक्स घ्यायचा तर घ्या. वजनावर घ्या, किलोमीटरवर घ्या, भरतो, कारण रस्ता मी पण वापरतो आणि आज ना उद्या पेट्रोलचा पैसा कमी होणारच आहे. पण तीन रस्त्यांवर माफी द्यायची, अख्ख्या महाराष्ट्राला दिली म्हणून जाहिरात करायची आणि आम्हाला टोलच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर सोडायचं, हे धंदे बंद करा. शरम वाटू द्या थोडी.

परवा परत त्याच रस्त्यानं साडूकडं जायचंय. फास्टॅगमध्ये पाचशे टाकून ठेवलेत. सासूबाई म्हणल्यात, यावेळी काच खाली करायची नाही.