गाडीला कापूस दिसत नाही

पाच हॉर्सपॉवरची मोटर बसली की गावातले चार लोक मलाच हाक मारतात. स्टार्टरची कॉइल जळाली असेल तर मी नुसत्या वासावरून सांगतो. फवारणीचा पंप तर डोळे मिटून खोलतो. एवढी प्रतिष्ठा असलेला माणूस मे महिन्यात सपरीत, म्हणजे ओसरीत, उघडाबंब बसून तळहाताएवढ्या गाडीसमोर हात जोडत होता, हे माझ्या घरच्यांनी पाहिलं आहे. आता लपवण्यात अर्थ नाही.

पोरगी आठवीतून नववीत गेली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिने कुणाची तरी रोबोट गाडी पाहिली आणि सुट्टीत तेच करायचं ठरवलं. किट पंधराशे रुपयांचं. आमच्या गावात कुरिअर येत नाही, फक्त त्याचा फोन येतो. "भाऊ, हिंगणघाटच्या स्टँडवर येऊन घेऊन जा." गेलो. खोका हातात आल्यावर वजन पाहून पहिली शंका आली, कारण पंधराशे रुपयांत आमच्याकडे निदान उचलताना जाणवेल असं काहीतरी येतं.

आत दोन पिवळ्या मोटरी, दोन चाकं, एक खुर्चीखालचं असतं तसं भिरभिरं चाक, हिरव्या-निळ्या दोन सर्किटच्या पाट्या, मूठभर रंगीत तारा, मुंगीएवढे स्क्रू आणि एक खाकी फळी. कागदावर चित्रं होती आणि चिनी अक्षरं होती. मी कागद बाजूला ठेवला. मोटर बसवायला कागद लागतो तो मेकॅनिक कसला! दीड तासात सगळं कसून पोरीसमोर धरलं.

"बाबा, फळीवरचा कागद काढायचा राहिला."

"कागद नाही गं. प्लायवूड आहे ते."

तिने नखाने कोपरा उचलला. खालून लखलखीत काचेसारखं प्लास्टिक निघालं. मग सगळे स्क्रू परत काढले आणि दुपारभर दोघांनी तो कागद खरवडला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत त्याचा गोंद नखांत असा बसला की संध्याकाळी मी भाकर मोडली तर तीही बोटाला चिकटून आली. या भानगडीत एक स्क्रू सारवलेल्या जमिनीच्या भेगेत गेला. तो अजून तिथेच आहे, खराटा लागला की किणकिणतो.

गाडीचा मेंदू म्हणजे अर्डुइनो नावाची पाटी. पोरीने माहिती काढली, की हे प्रकरण २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावात सुरू झालं आणि नाव तिथल्या एका बारवरून ठेवलं. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मी तिला म्हटलं, ही गोष्ट शाळेत सांग, पण आबाजींना सांगू नको. आबाजी म्हणजे माझे वडील. ते सपरीत बंगईवर बसतात, झोके घेतात आणि घरात जे चाललं असेल त्यावर शेरे मारतात.

पाटीत प्रोग्राम भरायला वायर लागते. खोक्यातली वायर मेलेली निघाली. मोबाइलची पिन बसेना. शेवटी पोरीनेच ओळखलं, की प्रिंटरला लागते तीच ही वायर. गावात प्रिंटर एकच, सेतूवाल्या पोराकडे. तासाभरासाठी म्हणून आणली ती दुसऱ्या दिवशी दुपारी परत केली. तोवर तिघांचे सातबारे निघायचे थांबले होते. त्यांतला एक माझा साडू. पीककर्जाचा अर्ज द्यायचा होता त्याला. आठवडाभर त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं नाही.

वायर मिळाली तरी कॉम्प्युटरला पाटी ओळखू येईना. तिच्यात स्वस्तातली चिप होती, तिला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ओळख करून देणारा प्रोग्राम लागतो. मी म्हटलं, गाडीत बसायला जागा नाही आणि ड्रायव्हर कुठून आणू? पोरगी हसली नाही. तो उतरवायला नेटवर्क लागतं, नेटवर्क फक्त स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ येतं, आणि स्लॅबवर आईने कुरडया वाळत घातलेल्या. रात्री टॉर्च लावून कुरडयांच्या ओळींतून पाय टाकत वर बसलो. दोन कुरडया गेल्या. त्याचा आरोप मांजरावर ढकलला.

एवढं करून बटण दाबलं तर पडद्यावर लाल अक्षरं: प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग. मी बायकोला अर्थ सांगितला, प्रोग्रामर उत्तर देत नाही म्हणून.

"खरंच हाय," ती खालूनच म्हणाली. "जेवाले चार डाव बलावलं. प्रोग्रामर हूं का चूं करत नाई."

पोर्ट, म्हणजे पाटी कुठल्या खाचेत जोडली ते, चुकीचा निवडला होता. तो बदलला आणि पाटीवरचा बारका दिवा लुकलुकला. मध्यरात्री साडेबाराला आम्ही बाप-लेक टाळ्या वाजवत होतो. शेजारच्यांना वाटलं शेतीची लाइन आली, त्यांनी उठून स्टार्टर पाहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी जमिनीवर ठेवली आणि ती जागच्या जागी गरगर फिरायला लागली. घाण्याचा बैल निदान गोल तरी मोठा घेतो. एक चाक पुढे, एक मागे. मी कॉम्प्युटर उघडला. दोन संध्याकाळी मी तो प्रोग्राम वाचला, तीनदा पुसला, एकदा पुसायचं नव्हतं तेही पुसलं. आबाजी बंगईवरून पाहत होते.

"कायले त्या टीव्हीत घुसून रायला बे?"

"आबाजी, एक चाक उलटं फिरतं. आतलं गणित चुकलं आहे."

"इहिरीवरची मोटर उल्टी फिरली तं काय करतं?"

"दोन फेज बदलतो."

"मंग?"

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग त्या मोटरीच्या दोन तारा काढून अदलाबदल करून लावल्या. गाडी सरळ गेली. सरळ जाऊन आबाजींच्या चपलेला लागली. ते काही बोलले नाहीत. बंगईचा झोका मात्र थोडा मोठा झाला.

त्यानंतरचा रोग मात्र मी स्वतः ओळखला, हे नमूद करतो. किटमध्ये चौकोनी बॅटरी होती, नऊ व्होल्टची. मोटरी सुरू झाल्या की पाटीचा दिवा विझायचा, मोटरी थांबायच्या, दिवा लागायचा, परत मोटरी सुरू. गाडी उचकी लागल्यासारखी चालायची. हे तर आमच्या डीपीचं, शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचं दुखणं! लाइन आली की सगळं शिवार एकाच वेळी मोटरी चालू करतं आणि व्होल्टेज बसतं. ती बॅटरी तेवढा करंट देऊच शकत नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले दोन जाड सेल घातले, साडेसात व्होल्टच्या आसपास. त्यातले दोनेक व्होल्ट मोटर चालवणारी पाटीच खाऊन टाकते. वाटेत कुणीतरी खाणारच, हे आम्ही गृहीत धरलेलं असतं. उरलेल्यात गाडी छान पळाली.

मग पोरीने तिला डोळे बसवले. दिसायला डोळे, पण ते खरे कान. एकातून ४० किलोहर्ट्झचा आवाज निघतो. माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. मांजराला कळतं. आमची मांजर त्या दिवसापासून गाडीकडे सावकाराकडे पाहावं तशी पाहते. आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की किती वेळ लागला ते पाटी मोजते, मायक्रोसेकंदात, त्याला ५८ ने भागलं की सेंटिमीटर. हे ५८ थंड हवेच्या ठिकाणी काढलेलं आहे. २० डिग्रीला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, आमच्या ४५ डिग्रीत ३५८. म्हणजे २० सेंटिमीटरवरची भिंत गाडीला १९ वर वाटते. आमच्या उन्हात आवाजसुद्धा सावली गाठायला पळतो म्हणायचा.

पोरीने साधा हिशेब लिहिला. समोरची वस्तू २० सेंटिमीटरपेक्षा जवळ असेल तर मागे, लांब असेल तर पुढे. गाडी सोडली ती नेमकी बंगईसमोर. आबाजींचे पाय पुढे आले, गाडी मागे. पाय मागे गेले, गाडी पुढे. आबाजी झोका घेत राहिले, गाडी त्यांच्यासमोर ये-जा करत राहिली. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग आबाजींनी पाय टेकवून बंगई थांबवली. गाडीही जागच्या जागी थरथरत राहिली.

"हुशार हाय," ते म्हणाले. "मांगचा बैल एवढा आयकत नव्हता."

घोटाळा कापसाने केला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता आणि दारात येणारा व्यापारी सात हजाराच्या वर तोंड उघडत नव्हता. त्यामुळे मधल्या खोलीत वीसेक क्विंटलची गंजी होती. घरभर खाज. लहान-मोठे सगळे पोटऱ्या खाजवत जेवतात, तसे दिवस. गाडी भिंतीला थांबली, कणगीला थांबली, पितळी हंड्याला थांबली, आणि कापसात सरळ घुसली. चाकं फिरतच राहिली. बाहेर ओढली तेव्हा दोन्ही आसांना पेळूसारखा कापूस गुंडाळलेला. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे चरखा पाहिलेला आहे, पण इतकं घट्ट सूत मी पाहिलं नव्हतं. ब्लेडने कापून काढावं लागलं.

पोरीने कारण शोधलं. मऊ कापसात आवाज जिरतो, परत येत नाही. गाडीला वाटतं समोर मोकळं रान आहे.

"म्हंजे याले समदं दिसते," आबाजी म्हणाले, "भित दिसते, हंडा दिसते, मी दिसतो. फकस्त कापूस दिसत नाई?"

"हाव, आबाजी."

"मुंबईले पाठव याले. मोठा सायब होईन."

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यापारी आला. खोलीच्या दारात उभा राहिला, पायात चकचकीत बूट. पोरगी सपरीत गाडी चालवत होती. गाडी त्याच्या बुटापाशी जाऊन घुटमळली. त्याने चिमूटभर कापूस उचलायला एक पाय पुढे टाकला आणि म्हणाला, "सात हजार." गाडी सर्रकन मागे गेली.

"नाई मनते," आबाजी बंगईवरून म्हणाले.

व्यापाऱ्याने खाली पाहिलं. "सात हजार पन्नास, पाटीलबुवा." बोलता बोलता पुन्हा पुढे सरकला. गाडी अजून मागे.

"पटत नाई तिले."

तेवढ्यात त्याला खाज सुटली. पोटरी खाजवत तो दोन पावलं मागे सरला, "बरं, दीडशे, सात हजार दीडशे!" आणि गाडी घरघर करत त्याच्या बुटापर्यंत गेली.

"आता आयकून रायली," आबाजी म्हणाले. "मोजा."

काटा लागला, गाडी भरली, मोठी गाडी म्हणजे ट्रक. जाताना व्यापारी मला हळूच विचारत होता, हे नेमकं काय आहे आणि कुठं मिळतं. मी पंधराशे रुपयांचं सांगितलं, कागद खरवडायचं सांगितलं नाही.

रात्री उठलो तर सपरीत लाल दिवा दिसला. सेल चार्जिंगला लावलेले होते. पोरगी झोपली होती, बायको झोपली होती. बंगई अजून हलत होती.