म्हैस पाण्यात, मोल डॉलरमध्ये

चिरंजीव बारावी सायन्स झाले आणि रात्री जेवताना म्हणाले, "मला पायलट व्हायचंय, आणि ट्रेनिंग बाहेरच करायचंय." अभिनंदन! शाळा निवडायची जबाबदारी आता तुमच्यावर आली. खाली दिलेला सल्ला तंतोतंत पाळलात, तर पन्नास-साठ लाख नेमके कुठे गेले हे तुम्हाला शेवटपर्यंत कळणार नाही. आणि कळलंच नाही, तर दुःख कसलं?

पहिली पायरी सेमिनारची. शिवाजीनगरच्या एखाद्या एसी हॉटेलात रविवारी सकाळी भरतो. चहा-बिस्किटं फुकट असतात, त्यामुळे पुढचे पन्नास लाख तेवढे जड वाटत नाहीत. व्यासपीठावर पांढरा शर्ट घातलेले, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या लावलेले एक गृहस्थ येतील. ते कुठल्या एअरलाइनमध्ये कॅप्टन आहेत, असं विचारू नका. पट्ट्या दुकानात विकत मिळतात हे माहीत असलं तरी पोटात ठेवा. "जुलैच्या बॅचला शेवटच्या तीन सीट उरल्यात," असं ते म्हणाले की लगेच चेकबुक काढा. मागच्या जुलैलाही तीनच उरल्या होत्या, पण तो योगायोग समजा.

"हे सगळं भारतात नाही का होत?" असं एखादा आगाऊ काका विचारेल. त्याला गप्प करा. जेआरडी टाटा मुंबईतच विमान चालवायला शिकले आणि 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना देशातला 1 नंबरचा परवाना मिळाला, हे खरं आहे. पण तेव्हा कन्सल्टंट नव्हते. असते, तर बिचाऱ्यांचं भलं झालं असतं.

मेडिकलची अजिबात घाई करू नका. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याची, आधी क्लास टू आणि मग क्लास वन अशी तपासणी असते. त्यात डोळे, कान, हृदय सगळं बघतात, आणि ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तकही दाखवतात, ज्यात एखाद्याला आकडा दिसतो आणि एखाद्याला नुसतेच ठिपके. ते पुस्तक पैसे भरायच्या आधी पाहिलं, तर वेळेत शहाणपण येण्याचा धोका असतो. आधी लगीन डॉलरचं, मग डोळ्यांचं. तीच गोष्ट डीजीसीएच्या पेपरांची. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स वगैरे, पास व्हायला 70 टक्के. शहाणी मुलं म्हणे जाण्याआधीच ते पेपर काढून टाकतात. तुमच्या मुलाला एवढं शहाणं करून परदेशी पाठवलंत, तर तो तिथे नको ते प्रश्न विचारील.

कर्जाचं एक बरं असतं. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते, त्या निमित्ताने गावाकडच्या जमिनीचा सातबारा बऱ्याच वर्षांनी बाहेर निघतो आणि भावकीच्या गाठीभेटी होतात.

आता तासांचं गणित. ते तुम्ही करू नका, कन्सल्टंटवर सोडा. भारतीय सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, एकूण 200 तास उड्डाण लागतं. त्यातले 100 तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यातच 300 नॉटिकल मैलांची एक लांब क्रॉस-कंट्री, म्हणजे गावोगावच्या विमानतळांवर उतरत केलेली फेरी, शिवाय रात्रीचं उड्डाण. उलट न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या मान्यताप्राप्त एकात्मिक कोर्समध्ये 150 तासांवर तिथला सीपीएल मिळू शकतो. अमेरिकेत पार्ट 141 नावाच्या नियमांखालच्या शाळेत 190 तासांवर मिळतो, पार्ट 61 खाली 250 लागतात. कोटेशनमध्ये "सीपीएल कंप्लीट" एवढंच लिहिलेलं असतं, कुणाचा सीपीएल ते लिहिलेलं नसतं. तुम्हीही विचारू नका. लायसन्स हातात पडून भारताच्या 200 तासांना दहा किंवा पन्नास कमी पडले आणि घोडं अडलं की "एक्स्ट्रा अवर्स" नावाचं नवं पान उघडतं, आणि तिथला दर कोटेशनमधल्या दराशी नातं सांगत नाही.

हे तास मोजतं कोण, तेही जरा जवळून पाहा. सेसना 172 या शिकायच्या छोट्या विमानाच्या पॅनेलवर एक छोटी खिडकी असते, तिला हॉब्स मीटर म्हणतात. इंजिन चालू झालं की त्यातला शेवटचा आकडा सरकू लागतो, दर सहा मिनिटांना एक घर. विमान उडतंय की उभं आहे याच्याशी मीटरला कर्तव्य नाही. धावपट्टीच्या तोंडाशी पिवळ्या रेषेमागे सहा विमानं रांगेत उभी आहेत, तुमचा मुलगा सातवा. ऊन मी म्हणतंय, काचेची छोटी खिडकी उघडी ठेवली तरी पाठ घामाने सीटला चिकटलीय, टॉवर म्हणतोय थांबा, आणि मीटर सरकतंय. तासाला दोनशे डॉलर दर धरला, तर प्रत्येक घराला वीस डॉलर. मुलगा अजून जमिनीवरच आहे, तुम्ही मात्र हवेत. म्हणून शाळा निवडताना विमानतळ किती गजबजलेला आहे हे बघायचं नाही. मोठा विमानतळ, मोठी शाळा, मोठी रांग.

माहितीपत्रकात तीस विमानं असतील. ती मोजा आणि समाधान माना. विद्यार्थी किती, हे विचारणं असभ्यपणाचं. तिसातली काही दर शंभर तासांनी होणाऱ्या तपासणीसाठी हँगरमध्ये असतात, काही सुट्या भागांची वाट बघत गवतात, आणि एखाद-दुसरं फोटोपुरतं. उडणाऱ्या विमानांसाठी आठवड्याचं बुकिंग उघडताच मुलं त्यावर तुटून पडतात. त्यातूनच पुढे संघभावना वाढीस लागते.

इन्स्ट्रक्टरविषयी निश्चिंत राहा. अमेरिकेत 2013 पासून एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, व्हायलाही साधारणपणे 1500 तास लागतात. ते भरून काढायचा सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे शिकवणं. म्हणजे तुमच्या चिरंजीवांशेजारी बसलेला बावीस-तेवीस वर्षांचा गुरू हा स्वतःच शिष्यवृत्तीवर आहे, आणि ती शिष्यवृत्ती तुमची. 1500 भरले की एका सोमवारी तो येत नाही. नवा इन्स्ट्रक्टर येतो आणि गोड हसून म्हणतो, "आपण जरा पहिल्यापासून बघूया." हे पहिल्यापासून बघणंही हॉब्स मीटरवरच चालतं. इन्स्ट्रक्टर सरासरी किती महिने टिकतात, हा प्रश्न सेमिनारमध्ये एकाही पालकाने विचारलेला मी ऐकला नाही. हॉस्टेलमध्ये व्हेज मिळतं का, हे मात्र सगळेच विचारतात. मुलाची आई तर दोनदा.

हवामानाचं पान नीट वाचा, फार सुंदर छापलेलं असतं. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी गडगडाट करत ढग चढतात आणि उड्डाणं थांबतात, पुढे चक्रीवादळांचा हंगाम. फिलिपिन्समध्ये टायफून. कॅनडात थंडीत दिवस चार वाजताच आटोपतो आणि सकाळी इंजिन गरम करत बसावं लागतं. जोहान्सबर्गच्या आसपासचे विमानतळ समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या आगेमागे आहेत, भर उन्हात तिथे छोट्या विमानाला चढताना धाप लागते. छापलेल्या पानावर मात्र सगळीकडे निळं आकाश आणि एक गोरी मुलगी विमानाच्या पंखाला टेकलेली.

परीक्षेची वेळ आली की परीक्षक मिळत नाही. अमेरिकेत ही परीक्षा नेमलेले परीक्षक घेतात आणि त्यांची तारीख मिळायला आठवडे जातात, कधी महिने. तोवर हात बसलेला राहावा म्हणून मुलाने उडत राहायचं असतं. अर्थात स्वखर्चाने, म्हणजे तुमच्या.

सगळे पैसे आगाऊ भरले तर पाच टक्के सूट मिळते. ती सोडू नका. लास व्हेगासची सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स नावाची मोठी शाळा फेब्रुवारी 2008 मध्ये एका रविवारी अचानक बंद झाली. सुमारे 70 हजार डॉलरचं कर्ज काढून आगाऊ पैसे भरलेले विद्यार्थी सोमवारी दारात, आणि दाराला कुलूप. पण ती हेलिकॉप्टरची शाळा होती. आपल्याला विमान शिकायचंय.

चौकशी करायचीच झाली, तर कन्सल्टंटने दिलेल्या नंबरवरच करा. तो मुलगा शाळेचं तोंड भरून कौतुक करील. त्याच्या फीमधून प्रत्येक नव्या प्रवेशामागे काही रक्कम वजा होते, यामुळे त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणं बरं नव्हे. अर्ध्यात सोडून आलेल्या मुलांचे नंबर शोधू नका. ती नकारात्मक असतात.

"शिकता शिकता कमावता येतं का?" असं विचारलंत तर होकारच मिळेल. अमेरिकेत बऱ्याच फ्लाइंग स्कूलसाठी एम-1 व्हिसा मिळतो, त्यावर शिक्षण चालू असताना नोकरी करता येत नाही. ही गोष्ट व्हिसा लागल्यावर कळलेली बरी. आधी कळली तर माणूस व्हिसाचे प्रकार वाचत बसतो.

एखाद्या शाळेने "तासांचं बघून घेऊ" असं सुचवलं, तर मात्र तिथेच पसंती द्या. वैमानिकांच्या जगात या तासांना पार्कर तास म्हणतात, कारण ते विमानात नाही, पेनाने उडवलेले असतात. 2011 मध्ये आपल्याकडे बनावट कागदांवर परवाने घेतलेल्या वैमानिकांना अटका झाल्या, तेव्हा लॉगबुकांकडेही पोलिसांचं लक्ष गेलं होतं. पण पोलीस येईपर्यंत चिरंजीवांचा गणवेशातला फोटो स्टेटसला लागून जुना झालेला असेल.

एवढं सगळं जमवून मुलगा परत आला की परदेशी लायसन्सचं भारतीय लायसन्स करायची फाइल डीजीसीएकडे जाते. तिथून परदेशी प्राधिकरणाकडे पडताळणीची विचारणा होते. उत्तर येईल तेव्हा येईल. शाळेकडून एक ट्रेनिंग रेकॉर्ड सही-शिक्क्यानिशी हवा असतो, आणि ज्या बाई सह्या करायच्या त्यांनी नोकरी सोडलेली असते. ईमेल पाठवा, स्मरणपत्र पाठवा, कन्सल्टंटला फोन करा. तो पुढच्या सेमिनारला नाशिकला गेलेला असतो. या धावपळीत परदेशात दिलेल्या उड्डाण चाचण्यांना सहा महिने उलटतात, आणि जुन्या झालेल्या चाचण्या इथे पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी बारामतीला जा. विमान तेच सेसना 172, हॉब्स मीटरही तसंच. फक्त नंबर लवकर लावा. परदेशातून शिकून आलेल्यांची तिथे रांग असते.