गाडीची सोनोग्राफी

आज दुपारी ऑइल चेंजला गेलो आणि डोकं तापवून घरी आलो. दुकान एका साखळीचं. नाव लिहीत नाही, आणि खाली ज्यांची नावं येतील त्यांच्यापैकी हे कुणीच नव्हे. दुकानातला पोरगा खिडकीशी आला, हातात केबिन फिल्टर (गाडीत आत येणारी हवा गाळतो तो). काळाकुट्ट, सुकलेली पानं, वर एक पक्ष्याचं पीससुद्धा. "सर, हे तुमच्या गाडीतून निघालं." मी म्हटलं, बाबा रे, माझा फिल्टर मी गेल्या शनिवारी स्वतःच्या हाताने बदललाय. त्याने "ओह" म्हटलं आणि फिल्टर घेऊन गुपचूप मागे गेला. पुढच्या गाडीवाल्याला दाखवायला, दुसरं काय!

नव्या फिल्टरचे पासष्ट डॉलर सांगत होता. प्रश्न पैशांचा नाही हो. (थोडा पैशांचाही आहे.)

ओरेगनातल्या जुन्या मंडळींना 'ऑइल कॅन हेन्रीज' आठवत असेल. पोर्टलंडची साखळी, सत्तरच्या दशकातली. तिथली माणसं बो-टाय लावून, डोक्यावर जुन्या पेपरवाल्या पोरांसारखी चपटी टोपी घालून तेल बदलायची. आपण गाडीतच बसायचं, आणि गाडीच्या पोटाखाली काय चाललंय ते समोरच्या पडद्यावर बघायचं.

२००८ साली आम्ही पहिल्यांदा गेलो. जुनी कोरोला, बँकेत जेमतेम पैसे, आणि बायकोला सहावा महिना. आदल्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन आलो होतो. पडद्यावर करडं-काळं काहीतरी हलायला लागलं तशी ही म्हणाली, "अहो, ही तर गाडीची सोनोग्राफी!" आम्ही इतके हसलो की बो-टायवाले आजोबा वाकून बघायला लागले. मग त्यांनी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. पातळी बघ, रंग बघ. "अजून हजार मैल आरामात जाशील. तेव्हा ये." आणि एक पैसा न घेता आम्हाला परत पाठवलं! त्या काळात दर तीन हजार मैलांना तेल बदला, नाहीतर इंजिन गेलंच समजा, असं जो तो सांगायचा. तेव्हा हे.

ही दुकानं मुळात आली कशी तेही सांगतो, कारण आमच्या घरात कुणी ऐकून घेत नाही. पूर्वी पेट्रोल पंपावरच गॅरेज असायचं, तेल तिथेच बदललं जायचं. सत्तरच्या दशकात तेलसंकट आलं, पंप धडाधड बंद झाले, उरलेल्यांनी गॅरेज काढून किराणा आणि कॉफी विकायला घेतली. (आमच्या ओरेगनात १९५१पासून २०२३पर्यंत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी होती, म्हणजे पंपावर माणूस होता, पण तेल बदलणारा नव्हता.) ती रिकामी जागा या दहा मिनिटांच्या दुकानांनी भरली. युक्ती साधी. गाडी उचलायचीच नाही, जमिनीत खड्डा करायचा. एक माणूस खाली, बाकीचे वर, गाडी एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. अशीच एक साखळी 'जिफी ल्यूब' १९७१ला युटामधल्या ऑग्डेनमध्ये सुरू झाली. १९७९ला ती जिम हिंडमन नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचने घेतली आणि देशभर नेली. मग ती पेन्झॉइल या तेलकंपनीकडे गेली, आणि २००२ला पेन्झॉइलच शेलने विकत घेतली. मोठा मासा, त्याहून मोठा मासा.

आमच्या हेन्रीचंही तेच झालं. २०१६ला इंजिन ऑइल बनवणाऱ्या व्हॅल्व्होलिनवाल्यांकडे गेला, आणि बघता बघता पाट्या बदलल्या. बरं, गंमत पुढेच आहे. २०२३ला व्हॅल्व्होलिनने आपला तेलाचा धंदा सौदीच्या अरामकोला २.६५ अब्ज डॉलरना विकला आणि दुकानं स्वतःकडे ठेवली. म्हणजे डब्यावर जे नाव तेच दुकानावर, पण मालक दोन! १८६६पासूनचं नाव आहे ते. नाव विकता येतं, खड्डा विकता येतो, बो-टायसुद्धा विकता येईल. ते आजोबा कुठल्या कलमाखाली विकले, सांगा मला.

हो, माहितीये, आता कुणीतरी लिहील की बो-टाय हीसुद्धा जाहिरातच होती. होती. आणि ज्याची कंपनी तो विकणारच, माझ्या आठवणी जपायला त्याने दुकान काढलं नव्हतं. मान्य. पुढे बोला.

पण माणूस गिऱ्हाइकाला परत पाठवतो, ही जाहिरात नव्हे. ते आजोबा जाहिरात करत असते तर मी त्या दिवशी पैसे देऊन आलो असतो आणि आज ते मला आठवलेही नसते. त्यानंतर आठ वर्षं मी दुसरीकडे कुठे गेलो नाही. तीन गाड्या झाल्या. धंदा धंदा म्हणतात तो हाच ना?

एवढं टाइप करून चहा प्यायलो. आता त्या पोराचा चेहरा आठवतोय. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, हात कोपरापर्यंत काळे, नजर सारखी मागच्या काचेच्या खोलीकडे. तिथे बसलेल्या कुणीतरी त्याला आज किती फिल्टर खपवायचे तो आकडा दिला असणार. "ओह" म्हणताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. पक्का लबाड असता तर वाद घातला असता. मी जरा जास्तच ओरडलो का? ओरडलो.

सोनोग्राफीतली मुलगी आता सतरा वर्षांची आहे. आज गाडीत शेजारीच बसली होती, लर्नर परमिटवाली. घरी येताना म्हणाली, "बाबा, तुम्ही नसता तर मी पैसे देऊन टाकले असते." मग बॉनेट उघडून तिच्या हातात डिपस्टिक दिली. पहिल्याच झटक्यात तेल थेट माझ्या शर्टावर.

हिल्सबरो-बीव्हर्टनकडे कुणाला "अजून हजार मैल जा" म्हणणारा मेकॅनिक माहीत असेल तर इनबॉक्स करा. आणि शर्टावरचा इंजिन ऑइलचा डाग कशाने जातो तेही. हिला अजून दाखवला नाहीये.