ड्रमर शिपवर गेला म्हणून एवढा दंगा?

फोंड्याकडच्या एका डेथ मेटल (जड गिटार, गुरगुरता आवाज असलेलं संगीत) बँडमधला ड्रमर गेला तर दोन दिवस सगळीकडे "गद्दार", "पाठीत सुरा" असलं चाललंय. अरे, पोरगा शिपवर नोकरीला गेलाय! गोव्यात कुठल्या बँडमधला कोणतरी शिपवर गेला नाही ते सांगा. बीचवरच्या शॅकवाल्यांना कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी पाहिजेत, रात्री दहाला साउंड बंद, मग दोन्ही पायांनी डबल पेडल मारत ड्रम बडवून घर चालतं काय त्याचं?

आणि लाइनअप बदलला की बँड मेला असं म्हणणाऱ्यांनी जरा 'डेथ' या अमेरिकन बँडकडे बघा. फ्लोरिडात १९८३ला मँटस नावाने सुरुवात, पुढच्या वर्षी नाव डेथ, १९८७ ते १९९८ मध्ये सात अल्बम आणि लागोपाठच्या दोन अल्बमांना सेम माणसं एकदासुद्धा नाहीत. कायम एकटा गायक-गिटारिस्ट चक शुल्डिनर.

१९९०ची युरोप टूर तर कमालच. चकने ऐनवेळी सांगितलं मी येत नाही, टूरची तयारी धड नाही. तर बेसिस्ट टेरी बटलर आणि ड्रमर बिल अँड्र्यूज त्याच्याशिवायच गेले, गाण्याला आणि गिटारला चक्क रोडी, म्हणजे टूरवर सामान सांभाळणारी माणसं उभी केली! जत्रेच्या नाटकात नायक रुसला की प्रॉम्प्टरलाच वेश चढवतात तसं. आता ऐनवेळी टांग मारणं चुकीचंच, तिकीट काढलेल्यांचा काय दोष, पण ज्याने रिफ (गाण्यातले गिटारचे मुख्य तुकडे) लिहिले तोच नाही आणि पोस्टरवर नाव तेच, हे मला जास्त खटकतं. चकने दोघांनाही काढलं, सिनिक बँडचे गिटारिस्ट पॉल मासविडाल आणि ड्रमर शॉन राइनर्ट घेतले, सेडस बँडचा स्टीव्ह डिजॉर्जिओ बेसवर, आणि १९९१ला 'ह्युमन' अल्बम आला. राइनर्टचे ड्रम्स ऐका आणि मग सांगा भांडणाने बँड बुडाला म्हणून.

चक काय संत नव्हता हां. त्याच्याबरोबर टिकणं कठीण होतं हे उघड आहे. पण भांडणाच्या मुळाशी बघायला गेलं तर बहुतेकदा स्वभाव कमी आणि पैसे, क्रेडिट, नाव हेच जास्त सापडतं. डेथच्याच 'लेप्रोसी' अल्बमच्या कव्हरवर बेसला बटलरचं नाव आणि वाजवलाय चकनेच. डिईसाइड बँडमधून गिटारिस्ट हॉफमन भाऊ २००४ला गेले ते रॉयल्टीवरून. स्वीडनच्या एन्टूम्ड बँडमध्ये तर नावावरूनच फाटलं, शेवटी गायक पेट्रोव्हला २०१४ला एन्टूम्ड ए.डी. असं शेपूट लावून अल्बम काढावा लागला, एवढी वर्षं त्याच नावाने गायलेला माणूस!

म्हणून आमच्या पोरांना सांगणं एवढंच की त्या ड्रमरला शिव्या घालण्यापेक्षा पहिल्या ईपीतली (छोट्या अल्बममधली) कुठली गाणी कुणी बांधली ते आत्ताच एका कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, तो सुट्टीला आला की त्याचीही घ्या. गाणी यूट्यूबवर टाकल्यावर कोण कुणाला विचारतो? आणि नवा ड्रमर आलाय त्याला दर प्रॅक्टिसला "आधीचा असं वाजवायचा" ऐकवू नका, पळून जाईल तोही.

राहिलं "आवाज बदलला की बँड संपतो" वाल्यांचं. कॅनिबल कॉर्प्स बँडने १९९५ला गायक ख्रिस बार्न्सला अल्बमचं काम चालू असतानाच काढलं आणि मॉन्स्ट्रॉसिटी बँडचा जॉर्ज फिशर आणला, तो अजून तिथेच आहे. बार्न्स भारी की फिशर यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका. फिशरच.