फादर आहेत ना, मग आपण कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त दादा. तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, प्रापंचिकांना (फादर-सिस्टर नसलेल्या आपल्यासारख्या साध्या ख्रिस्ती माणसांना) नको तेवढी मोकळीक मिळाली, जो तो वेदीवर चढतोय, आणि आधीच्या पिढ्या निमूट मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) ऐकायच्या म्हणून त्यांची श्रद्धा पक्की होती. राग नाही आला, पण पटलंही नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

जे पटलं ते आधी. मिस्सात बायबल वाचायला आपला नंबर लागावा म्हणून चाललेली ओढाताण मीपण बघितलीये, वाईट वाटतं. पण वेदी हीच आपली मुख्य जागा असं परिषदेने कुठे म्हटलंय? १९६५ चा प्रापंचिकांवरचा दस्तऐवज बघा, त्यात जोर आहे तो घर, कामधंदा, समाज यावर, म्हणजे फादर जिथे पोचत नाहीत तिथे आपण. आणि हे काम फादरांनी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही, ते बाप्तिस्म्यातच मिळालंय.

आता आधीच्या पिढ्या. जपानमध्ये १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, फादरांना हाकललं, मारलं, सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकही उरला नाही. मग दोनशेहून जास्त वर्षं ना मिस्सा ना पापकबुली. नागासाकीकडच्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी काय केलं, तर कामं वाटून घेतली, एकाने सणांच्या तारखा सांभाळायच्या, एकाने पोरांना बाप्तिस्मा द्यायचा, आणि प्रार्थना बापाकडून पोराकडे तोंडपाठ. १७ मार्च १८६५ ला नागासाकीतल्या ओउराच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावची माणसं आली, त्यातली एक बाई तिथल्या फ्रेंच फादर पेतीजांजवळ जाऊन हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे, आणि लगेच विचारलं, सांता मारियाची (मरियामातेची) मूर्ती कुठंय? बंदी उठली १८७३ ला, तोवर उराकामीच्या तीन हजारांवर लोकांना घरदार सोडून हद्दपार व्हावं लागलं. आता सांगा, ही श्रद्धा निमूट बसून टिकली का?

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं. माझी मावशी नर्स होती. एका रात्री सातव्या महिन्यातच झालेलं बाळ, श्वास नीट घेत नव्हतं, आईबाप आपल्यातलेच, फादरांना निरोप धाडून ते येईपर्यंत वेळच नव्हता. मावशीने स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा त्याच्या डोक्यावर सोडलं. हात थरथरत होता म्हणायची, अर्धं पाणी दुपट्यावरच सांडलं. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, अशा वेळी हा बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, त्यामुळे नंतर फादरांनी फक्त वहीत नोंद केली. बाळ पहाटे गेलं. त्याची आई अजून दर नाताळला मावशीकडे केक घेऊन येते आणि दोघी थोडा वेळ काही न बोलता शेजारी बसतात.

दादा, त्या रात्री मावशीने फादरांची वाट बघत थांबायला हवं होतं का?