फ्रीमेसनांना विचारायचे खरे प्रश्न

फोर्टमध्ये स्टर्लिंग चित्रपटगृहाच्या जवळ फ्रीमेसन्स हॉल ही इमारत कुणालाही दिसेल अशी उभी आहे. तरीही फ्रीमेसन, म्हणजे बंधुभावाचे ब्रीद असणाऱ्या आणि आपले विधी गुप्त राखणाऱ्या एका संस्थेचे सभासद, म्हटले की चांगल्या शिकलेल्या मुंबईकरांनाही सैतानाची पूजा आणि पडद्याआडून जग चालवणारी टोळी आठवते. यातल्या सैतानपूजेच्या कथा पसरवण्यात लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाचा मोठा हात होता. त्याने अशा कहाण्या वर्षानुवर्षे छापल्या आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील भर सभेत त्या आपणच रचल्याचे जाहीर केले. त्या कबुलीनंतर सव्वाशे वर्षांनीही तेच आरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना पाहून मला मनापासून वाईट वाटते.

फ्रीमेसनरी हा वेगळा धर्म आहे का, असेही विचारले जाते. तसे नाही. सभासदाची परमेश्वरावर श्रद्धा असावी एवढी अट आहे, शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतली जाते, आणि लॉजच्या, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेच्या, बैठकीत धर्म व राजकारण यांवरील वादाला मनाई असते. मेसन म्हणजे गवंडी, म्हणून गुण्या, कंपास, ओळंबा ही गवंड्याची हत्यारे तिथे सचोटीच्या वागणुकीची प्रतीके मानली जातात. ओळखीच्या खुणा व दीक्षाविधी गुप्त राखण्याची प्रथा आहे खरी, पण ते विधी लंडनमध्ये १७३० सालीच छापून प्रसिद्ध झाले होते.

या संस्थेला जाब विचारायचाच असेल, तर तो तिने कुणाला आत घेतले आणि कुणाला दाराबाहेर ठेवले याचा विचारावा, असे माझे ठाम मत आहे. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या युरोपियनांच्या लॉजने प्रवेश नाकारला, म्हणून त्यांना थेट पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली, ती भारतीयांना सभासद करून घेण्यासाठीच. हिंदूंना मात्र आणखी थांबावे लागले, कारण अनेक देव मानणाऱ्याची एका परमेश्वरावर श्रद्धा असू शकते का, याचा वाद मिटत नव्हता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना १८७२ साली प्रवेश मिळाला, तोही कित्येक वर्षे झगडल्यावर. बंधुभाव हेच ब्रीद असणाऱ्या संस्थेचा हा इतिहास आपल्याच शहरात घडला आहे, आणि तो आपल्याला शाळेत कुणी सांगितला नाही.

१९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही लॉजची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तरी तिच्या लॉजमध्ये आजही स्त्रियांना सभासद होता येत नाही. अ‍ॅनी बेझंट यांनी स्त्रीपुरुष दोघांना सामावून घेणारी को-मेसनरी भारतात आणली, पण त्या शाखेला ग्रँड लॉजची मान्यता नाही. ज्या माणेकजींसाठी एके काळी दार बंद होते, त्यांनीच १८६३ साली मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा ही इंग्रजी शाळा काढली. त्यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या मेसन बंधूंनी स्त्रियांना बाहेर ठेवण्याची आपली कारणे जाहीरपणे मांडावीत, एवढीच माझी मागणी आहे.